पायपेटीचा कर्ता कोण?

मराठीच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी हटकून निघतो. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीने आपले नाव घातलेले असते. मग तो अभंग त्याचाच, यात शंका ती कसली? विद्यार्थ्यांना हे इतके स्वच्छ वाटत असते की त्यांचा समज मोडणे जिवावर येते. पण मोडावा तर लागतोच. नामदेवांच्या गाथेत १६व्या शतकातल्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळून गेल्या आहेत, हे सांगावे लागते. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर निराळे आणि अभंग रचणारे निराळे, असे म्हणून 'भारद्वाज' या टोपणनावाच्या लेखकाने १९व्या शतकाच्या अखेरीस केवढी खळबळ उडवून दिली होती, तेही सांगावे लागते. आणि मुकुंदराजांचा विषय निघाला की आम्ही वैदर्भीय मंडळी जरा सावरून बसतो. 'विवेकसिंधु' मराठवाड्यातल्या आंबेजोगाईचा की आमच्या वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचा, हा वाद तासाची घंटा झाली तरी मिटत नाही.

हे पुराण लावण्याचे कारण असे, की गेल्या उन्हाळ्यात 'कर्ता कोण' हाच प्रश्न माझ्यापुढे पोथीऐवजी पेटीच्या रूपाने येऊन ठाकला. पेटी म्हणजे बाजाची पेटी. त्यातही हाताने भाता मारायची नव्हे. खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी पायट्या दाबायच्या आणि दोन्ही हातांनी वाजवायची ती पायपेटी, जिला नाटकवाले ऑर्गन म्हणतात.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना ऑर्गन काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा जो पट्टा, त्याला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले, भाऊबीज झाली, की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री नाटक. नाटक म्हणजे रात्री दहाला सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालणारे, गाण्यांनी भरलेले नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही या धंद्याची पेठ. तेथे नाट्यमंडळांच्या पाट्या ओळीने दिसतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येकांनी 'झाडीपट्टी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला असावा.

या नाटकाच्या जाहिरातीत नायक-नायिकेच्या नावाखाली वादकांची नावे असतात आणि त्यांत मान ऑर्गनवाल्याचा. आता गंमत पाहा. आज 'ऑर्गन' म्हणून जे वाजते ते बहुधा विजेवर चालणारे, काखेत मारून नेता येईल असे यंत्र असते. वस्तू बदलली, शब्द राहिला. भाषेत हे नेहमीच घडते. शाईची दौत गेली तरी आपण 'दप्तर' म्हणतोच. मूळ ऑर्गन मात्र कपाटाएवढा. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे बसत, तो हा ऑर्गन. त्या वैभवाची हवा रेल्वेने आणि बैलगाडीने आमच्या झाडीत पोहोचली, आणि ज्या गावच्या मालगुजाराला नाटकाचा नाद होता त्याने आपल्या गावासाठी एखादी पायपेटी आणवली.

तशीच एक पेटी वडशाच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या एका गावात आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण वाद अजून ताजा आहे. गावच्या नाट्यमंडळाच्या खोलीत ती कित्येक वर्षे कापडाखाली झाकलेली होती. उन्हाळ्यात शहरातला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला, कापड उचलून पाहिले आणि म्हणाला, पेटी विलायती असेल तर पन्नास हजार देतो, देशी असेल तर पाच. मंडळाला नवे पडदे हवे होते. पन्नास हजारांत पडदे होऊन वर उरले असते.

मालगुजाराच्या घरचे लोक म्हणाले, विलायतीच. आमच्या पणजोबांनी कलकत्त्याहून मागवली होती. १९५१ साली मालगुजारी गेली तेव्हा वाड्यातून मंडळाला दिली. समोर सोनेरी अक्षरांत कंपनीचे नाव आहे, वाचा.

तेवढ्यात गावातला एक म्हातारा वाढई उठला. सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात. तो म्हणाला, "पेटी आमच्या आज्यानं बनवली जी. मी लहानपनापासून आयकतो." यावर लोक हसले. म्हातारा हे दर मंडईला सांगतो आणि लोक दर मंडईला हसतात, अशी माहिती मला नंतर मिळाली. बाज, नांगर आणि बैलगाडीची चाके करणाऱ्या माणसाने ऑर्गन बनवावा, हे कोणाला पटणार? पण या वेळी पंचाईत अशी, की म्हातारा खरा ठरला तर मंडळाचे पंचेचाळीस हजार जात होते. त्यामुळे हसण्याला थोडी धार आली होती.

मंडळाचे चिटणीस शाळेत शिक्षक आहेत आणि एके काळी माझ्या वर्गात होते. त्यांनी मला बोलावले. 'सर, तुम्ही जुन्या पोथ्या वाचता, ही पाटी तेवढी वाचून द्या,' असे त्यांचे म्हणणे. मी मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करीत जाऊन पोहोचलो.

पाटी वाचायला अवघड नव्हती. पट्ट्यांवरच्या झाकणीवर मधोमध सोनेरी वेलबुट्टी, एका नावाची झिजलेली अक्षरे, त्याखाली 'अँड कंपनी' आणि 'कलकत्ता' एवढे स्पष्ट. मालगुजारांकडच्या मंडळींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले. पण पेटीवर समोर लिहिलेले नाव आणि अभंगाच्या शेवटी आलेले नाव यांची योग्यता सारखीच. दोन्ही कोणालाही घालता येतात.

हे वाद्यांच्या व्यापारात जगभर चालत आले आहे. कारखानदार वाद्य बनवी, दुकानदार ते घाऊक घेई आणि झाकणीवर आपले नाव रंगवी. गिऱ्हाईक दुकानाला ओळखत असे, कारखान्याला नव्हे. मुंबई-कलकत्त्याच्या जुन्या वाद्यविक्रेत्यांची नावे अशीच घरोघरच्या पियानोंवर गेली. मुंबईचे फुर्तादो यांचे दुकान १८६५ पासूनचे. पण दुकानाचे नाव वाचून पियानो लंडनचा की बर्लिनचा हे कळायचे नाही. कलकत्त्याच्या द्वारकिन कंपनीचे उदाहरण तर फारच गमतीचे. द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली ही कंपनी काढली आणि आपल्या बैठकीला सोयीची हातपेटी लोकप्रिय केली. ते माल मागवत लंडनच्या डॉकिन्स यांच्याकडून; म्हणून 'द्वारका' आणि 'डॉकिन्स' यांचा संधी करून 'द्वारकिन' हे नाव झाले, आणि ते सुचवले उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी. म्हणजे विलायती वाटणारे हे नाव निम्मे बंगाली आणि ठेवणारा बालसाहित्याचा लेखक! नावावरून कर्ता शोधणाऱ्याने येथे काय करावे?

मी जाण्यापूर्वी थोडा अभ्यास केला होता, आणि तो पियानोच्या बाबतीत अधिक झाला, कारण पियानोवाल्यांनी या प्रश्नावर पुष्कळ डोके चालवले आहे. एखाद्या जुन्या घरात लहानसा ग्रँड पियानो असतो. तीन पायांचा, पक्ष्याच्या पंखासारख्या आकाराचा, पण नेहमीच्या मानाने आखूड. झाकणीवर नाव नाही, किंवा असेल ते दुकानाचे. तो कोणाचा हे ठरवायचे कसे? जाणता माणूस झाकणीकडे बघतच नाही. तो आतली लोखंडी चौकट पाहतो, तिच्यावर ओतलेली अक्षरे आणि ठोकलेला अनुक्रमांक पाहतो. नंबर मिळाला आणि कंपनी कळली की साल काढता येते, कारण कोणत्या साली कोणता नंबर चालू होता याच्या याद्या छापलेल्या आहेत. मग तो तारा पाहतो. आखूड पेटीत लांब तारा बसवायच्या तर त्या एकमेकींवरून तिरप्या न्याव्या लागतात. ग्रँड पियानोत अशा तिरप्या तारांचे पेटंट न्यूयॉर्कच्या स्टाइनवेंनी १८५९ साली घेतले, आणि ड्रेस्डेनच्या एर्न्स्ट काप्स या कारखानदाराचे तर आखूड ग्रँडसाठीच नाव झाले. तेव्हा तारांची ठेवण हीसुद्धा एक लेखनशैलीच म्हणायची.

आत हातोड्यांच्या यंत्रावर मात्र एखादे ठसठशीत नाव मिळते आणि नवखा माणूस आनंदाने उडी मारतो. तेथे फसगत ठरलेली. पॅरिसचे श्वांडर, बर्लिनचे लांगर, लंडनचे ब्रुक्स हे फक्त हातोड्यांची यंत्रे बनवून शेकडो पियानोवाल्यांना विकत. ते नाव म्हणजे कागद बनवणाऱ्या गिरणीची खूण. त्यावरून पुस्तकाचा लेखक ठरत नाही. सर्वांत विश्वासाचा साक्षीदार वेगळाच. पट्ट्या उचलून बाहेर काढल्या की पहिल्या किंवा शेवटच्या पट्टीच्या लाकडावर पुष्कळदा शिसपेन्सिलीने लिहिलेले नाव आणि तारीख मिळते. कारखान्यातल्या त्या कामगाराने ती कोणी वाचावी म्हणून लिहिलेली नसते. आमच्या पोथ्यांत लेखनिक शेवटी शक, तिथी आणि आपले नाव टाकतो ना, त्याचीच ही जात. मालकाचे नाव सोन्यात आणि बाहेर. करणाऱ्याचे पेन्सिलीत आणि आत.

पायपेटीलाही हीच रीत लावायची असे ठरवून मी सोनेरी पाटी सोडली आणि प्रथम डाव्या टोकाची पट्टी पाहिली. ही खूण कोणालाही तपासता येईल. युरोपातली पायपेटी, जिचे 'हार्मोनियम' हे नाव पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली पेटंट घेताना ठेवले, ती साधारणपणे पांढरी एकपासून सुरू होते. अमेरिकेतली पांढरी चारपासून. दोन्हींत पट्ट्या एकसष्टच, सुरुवात निराळी. आमची पेटी पांढरी चारपासून सुरू होत होती.

दुसरी परीक्षा वाऱ्याची. आपली हातपेटी आणि युरोपातली पायपेटी या फुंकर घालतात. भात्यातली हवा सुरांतून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन पेटी उलट हवा आत ओढते, माणूस श्वास घेतो तशी. म्हणून तिचा आवाज जरा मऊ, घशाच्या आतून आल्यासारखा. चिटणिसांच्या मुलाला मी पायट्यांवर बसवले, मागची फळी काढली आणि एका सुराच्या तोंडाशी वहीच्या कागदाची बारीक पट्टी धरली. मुलाने पाय मारला आणि कागद आत ओढला गेला. जमलेल्या मंडळींत एकदम शांतता झाली. वाढई मात्र दाराशी खाली बसून बिडी ओढत होता. त्याने पाहिले नाही.

तिसरी परीक्षा सुरांची. सूर म्हणजे पितळेची ती जीभ आणि तिची चौकट. आपल्याकडच्या पेटीत सूर स्क्रूने फळीवर बसवतात; आज हे सूर बहुतेक गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात. अमेरिकन पेटीत प्रत्येक सूर आपापल्या खोबणीत नुसता सरकवलेला असतो आणि आकड्याने ओढून काढता येतो. असा आकडा आम्ही सायकलच्या स्पोकचा करून घेतला. पहिला सूर सुळकन बाहेर आला. काळवंडलेला, पण सुरेख. जिभेला टोकाशी हलका पीळ दिलेला. हा पीळ अमेरिकन कारागिरांचा, आवाज मऊ करण्यासाठी दिलेला. बॉस्टनची मेसन अँड हॅम्लिन, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची एस्टी अशा कारखान्यांनी या पेट्यांचा जगभर पूर पाडला. एकट्या एस्टीने पाच लाखांहून अधिक बनवल्या. मिशनरी लोक त्या जंगलातसुद्धा घेऊन जात.

आणि पायट्यांच्या वर, लोखंडी पट्टीवर, गंजाखालून इंग्रजी अक्षरे निघाली. मला वाटले, आता कारखान्याचे नाव मिळाले! खरवडून वाचले तर 'माऊस प्रूफ'. अमेरिकेत पायट्यांच्या फटीतून उंदीर आत शिरत, म्हणून तेथे पत्रा लावून कारखानदार तशी ग्वाही देत. या ग्वाहीच्या बरोबर मागे, भात्याच्या कोपऱ्यात, आमच्या झाडीतल्या उंदरांनी केलेले जुने घरटे होते. त्यांना इंग्रजी येत नसावे.

तर पेटी अमेरिकन. विलायती म्हणजे इंग्लंडची नव्हे, पण परदेशी खरी. व्यापाऱ्याला तेवढे पुरे होते. मालगुजारांकडचे एक तरुण गृहस्थ पेढे आणायला निघालेसुद्धा. मी त्यांना थांबवले, कारण एक गोष्ट जुळत नव्हती. अनेक कारखाने नंबर आणि नाव मागच्या बाजूस ठोकत किंवा चिकटवत. आमच्या पेटीची मागची फळी सागवानी होती. बाजूच्या फळ्या सागवानी. पायट्या सागवानी. भात्याच्या दोन्ही फळ्यासुद्धा सागवानी.

अमेरिकन पेट्या अक्रोडाच्या किंवा ओकच्या लाकडाच्या असत. सागवान आमचे. आलापल्लीचे सागवान, बल्लारपूरच्या आगारातून देशभर जाणारे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेले तेही येथलेच. म्हणजे झाले काय असेल ते डोळ्यांपुढे येते. थंड देशातल्या सरसाने चिकटवलेली नाजूक पेटी. झाडीपट्टीचा पावसाळा म्हणजे चार महिने घरातले मीठ पाणी होते, सरस सुटला. मग वाळवी लागली. हे ओळखूनच परदेशी पियानोवाले हिंदुस्थानासाठी म्हणून खास पियानो काढत. त्यांत नुसत्या सरसावर भिस्त न ठेवता सांध्यांना पितळी पट्ट्या आणि स्क्रू मारत. आमच्या पेटीला तसे काही नव्हते. सूर पितळेचे म्हणून वाचले. त्यांचे घर मात्र मातीला मिळाले असावे. आणि कोणीतरी ते घर, सूरांच्या फळीपासून खालपर्यंत, नवे बांधून काढले होते. नुसती खोकी ठोकणे वेगळे आणि हवा ओढणारा भाता बांधणे वेगळे. त्यात केसाएवढी फट राहिली तर पेटी मुकी होते. या भात्याला शेळीचे मऊ कातडे इतके एकजीव बसवले होते की तो इतक्या वर्षांनीही कागद ओढत होता! झाकणीवरची सोनेरी अक्षरांची फळी तेवढी जुनी, ती पुन्हा जागेवर बसवलेली. ज्याने हे केले त्याने मालगुजाराचे आणि कलकत्त्याच्या दुकानाचे नाव राखले, आणि कारखान्याचा नंबर वाळवीच्या फळीबरोबर चुलीत गेला.

पण हे 'कोणी' कोण? मालगुजारांकडचे म्हणाले, कलकत्त्याच्या दुकानानेच दुरुस्त करून दिली असेल. एखादा नागपूरचा किंवा अमरावतीचा मिस्त्री असेल. हे म्हणणे टाकाऊ नव्हते. सागवान काही फक्त आमच्या वाढयांना मिळत नाही.

मी भात्याच्या वरची फळी काढायला सांगितली. तिच्या आतल्या बाजूला, कोणाच्याही नजरेला पडू नये अशा ठिकाणी, पेन्सिलीने लिहिले होते. सुतार फळ्या सुट्या करताना कोणती कुठली ते विसरू नये म्हणून खुणा करतात, तशा खुणा. मोठ्या, अडखळत काढलेल्या देवनागरी अक्षरांत एका फळीवर 'वरची फरी', दुसरीवर 'खालची फरी', आणि बाजूला आकडे.

वाचकांपैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांच्या लक्षात आलेच असेल. बाकीच्यांना सांगतो. झाडीबोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. 'ळ' असेल तेथे 'र' येतो. डोळा नव्हे, डोरा; काळा नव्हे, कारा. आणि फळी नव्हे, फरी. वऱ्हाडी माणूसही 'ळ' टाळतो, पण तो त्याचा 'य' करतो; अमरावतीचा मिस्त्री असता तर 'फयी' लिहिता. कलकत्त्याचा कारागीर देवनागरीत कशाला लिहील? पुण्या-मुंबईचा 'फळी' लिहिता. 'फरी' लिहिणारा माणूस झाडीचाच. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा जन्मभर अभ्यास केला, तिचे असे वेगळेपण मांडले. तो अभ्यास एखाद्या दिवशी पेटीच्या मालकीच्या भांडणात साक्षीला येईल हे त्यांच्या मनात आले असेल, असे वाटत नाही.

मी बाहेर जाऊन वाढईबाबांना विचारले, तुमचे आजोबा शिकलेले होते का? ते म्हणाले, "दोन इयत्ता जी. नाव लिवाचे, आकडे लिवाचे." मी त्यांना आत नेऊन फळी दाखवली. ते वाचू शकत नाहीत. त्यांनी पेन्सिलीच्या रेघेकडे पाहिलेच नाही. फळीच्या कडेला, जेथे दोन लाकडे जोडली होती, तेथे अंगठा फिरवला आणि म्हणाले, असा जोड आमच्या घरी घालतात. घरच्या देव्हाऱ्याचा जोड दाखवायला ते आम्हा सगळ्यांना घरी घेऊन गेले. जोड तसाच होता. दुसऱ्या पुराव्याची मला गरज नव्हती, पण हा मिळाला याचा आनंद झाला.

एक तिसरा हातही पेटीत सापडला, तो सांगून टाकतो. एका पायटीच्या बिजागरीला फुलीच्या खाचेचा स्क्रू होता. या स्क्रूचे पेटंट अमेरिकेत फिलिप्स नावाच्या गृहस्थाला १९३६ साली मिळाले. आमच्या खेड्यात तो यायला आणखी बराच काळ जायचा. म्हणजे ही अगदी अलीकडची मलमपट्टी. पोथीत समासात वेगळ्या शाईने कोणी काही घातलेले असावे, तसे. ते काम कोणाचे, यावर कोणीच हक्क सांगितला नाही, आणि कामही तसे यथातथाच होते.

आता 'कर्ता' या रकान्यात काय लिहायचे? मंडळाच्या जडवस्तूंच्या नोंदवहीत असा रकाना आहे आणि चिटणीस नियमाचे माणूस. व्यापाऱ्याच्या हिशेबी कर्ता म्हणजे ज्याच्या नावाला भाव आहे तो. तसे पाहिले तर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांच्याबरोबर बावीस श्रुतींची पेटी आखली, १९१०च्या सुमारास. ती तयार झाली लंडनमध्ये. त्या पेटीला कोणी विलायती म्हणून देवलांचे नाव पुसले तर चालेल काय? सूर अमेरिकेचे आणि श्वास झाडीचा अशी आमची पेटी आहे. मी नोंदवहीत लिहून दिले: सूर व पट्ट्या अमेरिकन कारखान्याच्या, विक्री कलकत्त्याच्या दुकानाची, भाता, पायट्या व सर्व लाकूडकाम गावातील वाढई यांचे, आणि पुढे त्या आजोबांचे पूर्ण नाव. चिटणीस म्हणाले, सर, रकान्यात एकच ओळ मावते. मी म्हटले, पुढच्या रकान्यात जा. पुढचा रकाना किमतीचा होता. त्यांनी थोडा विचार केला आणि गेले.

मालगुजारांकडची मंडळी नाराज झाली, पण फार नाही. त्यांच्या पणजोबांनी आणलेली पेटी अमेरिकन ठरली, हा मान त्यांना पुरेसा वाटला. व्यापारी दसऱ्याच्या सुमारास पुन्हा आला. सारे ऐकून म्हणाला, खोके देशी असेल तर पन्नास देता येणार नाहीत. नुसते सूर काढून द्या, त्याचे पंधरा देतो. येथे मात्र सभेत गडबड झाली. सूर काढून दिले तर राहिलेले लाकूड काय करायचे, असे कोणीतरी विचारले, आणि त्यावर या वेळी कोणी हसले नाही.

वाढईबाबांची नात सातवीत आहे. तिने ती फळी मोबाइलवर टिपून घेतली. मोठ्याने वाचली आणि म्हणाली, आबा, हे चूक आहे, बाई 'फळी' सांगतात. आबा म्हणाले, "तुझ्या बाईले सांग, बराबर आहे ते." मीही तिला तेच सांगितले. बाईंना सांगायला मात्र मी गेलो नाही. त्या माझ्याच एका विद्यार्थिनीच्या मैत्रीण निघाल्या आणि शुद्धलेखनाबद्दल फार कडक आहेत असे कळले.

विकायचे की नाही याचा निर्णय मंडळाने होळीनंतरच्या सभेवर टाकला आहे. पडद्यांसाठी वर्गणी सुरू आहे. पेटीचे पाच सूर बोलत नाहीत. त्यांतले तीन नुसते धुळीने अडकलेले आहेत, दोन तुटले आहेत, ते नवे बसवावे लागतील. वडशाच्या एका ऑर्गनवाल्याने येऊन पाहून घेतले. दहा मिनिटे वाजवले, घाम पुसला आणि म्हणाला, आवाज चांगला आहे, पण रात्रभर पाय कोण मारील?